गरोदर बाईचे ताट आणि आयुर्वेद

वस्तीवर गरोदर बाईच्या घरी जाऊन बसलो की पाच मिनिटांत एक वाक्य कानावर येते, "ताई, आयुर्वेदात हे चालत नाही म्हणतात." 'हे' म्हणजे कधी अंडे, कधी पपई, कधी तीळ, कधी बाजरीची भाकरी, आणि बऱ्याचदा सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी. सांगणारी कधी सासू असते, कधी शेजारीण, हल्ली मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ. शिरूर आणि दौंड तालुक्यांत फिरताना आम्ही हे इतक्या वेळा ऐकले आहे की या वेळच्या आरोग्य पानावर तोच विषय घ्यायचे ठरवले. जुन्या ग्रंथांत गरोदर बाईच्या खाण्याबद्दल नेमके काय लिहिले आहे, त्यातले आपण काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, हे पाहू. आमचे शिक्षण नर्सिंगचे, वैद्यकीचे नाही. ग्रंथ आम्ही मराठी भाषांतरांतून वाचले आहेत.

काही वाचक म्हणतील, आयुर्वेदाशी आपला संबंध काय? संबंध आहे. तथागतांवर उपचार करणारा जीवक हा वैद्यच होता. विनयपिटकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे आपल्या काकवीसारखा पदार्थ, ही पाच औषधे घ्यायची मुभा आहे. 'अष्टांगहृदय' लिहिणारा वाग्भट बौद्ध होता असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा हे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे नाही. आणि ग्रंथात आहे, परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही खरे मानू नका, हे कालाम सुत्त आपल्याला शिकवतेच. ग्रंथ वाचायचा तो तपासून.

चरकसंहिता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गरोदर बाईने महिन्यामहिन्याने काय घ्यावे ते सांगितले आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, दुसऱ्यात औषधी वनस्पती घालून उकळलेले दूध, तिसऱ्यात दुधात मध आणि तूप, चौथ्यात दूध-लोणी, पाचव्या-सहाव्यात तूप. सुश्रुताने पहिल्या तीन महिन्यांत गोड, थंड आणि पातळ आहार सांगितला आहे. ज्यांना या काळात उलट्या होतात त्या बायकांना हे पटेल. सकाळी तिखट कालवण पोटात टिकत नाही, पण ताक-भात, पेज, केळे थोडे थोडे टिकते.

याच सुश्रुताने चौथ्या महिन्यात दूध-लोण्याबरोबर मांसही सांगितले आहे, तेही कोरड्या माळरानावरच्या प्राण्या-पक्ष्यांचे. ससा, हरीण, तित्तिर अशी ही यादी. आता या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण ज्यांच्या घरी 'आयुर्वेदात अंडे चालत नाही' असे सांगितले जाते त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आयुर्वेदाच्या दोन मोठ्या ग्रंथांपैकी एक गरोदर बाईला मांस वाढायला सांगतो. अंडे, मटण बंद करणारे नियम नंतर कुठून तरी चिकटले आणि त्यांना नाव आयुर्वेदाचे मिळाले. "आपण बौद्ध, मग गरोदरपणी तरी मांस सोडावे" असेही काही उपासिका म्हणतात. पाली परंपरेत भिक्खूंनासुद्धा मांस सरसकट वर्ज्य नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते घ्यायचे नाही, असा नियम आहे. ज्यांना खायचे नाही त्यांनी खाऊ नये, पण पोटुशी बाईवर त्यासाठी दडपण आणू नये.

चरकाच्या त्याच अध्यायात दोन जागा अशा आहेत की त्या आम्ही बैठकांत मुद्दाम सांगतो. पहिली सातव्या महिन्याची. या महिन्यात पोटातल्या बाळाला केस येतात आणि त्यामुळे आईला जळजळ होते, असे बायका म्हणतात, अशी नोंद तिथे आहे. हे आपल्याकडे आजही म्हणतात! आत्रेय पुनर्वसु तिथेच सांगतात की हे खरे नाही, वाढलेल्या गर्भाचा दाब पडतो म्हणून जळजळ होते. आजचे शास्त्रही गर्भाशय वाढून जठरावर दाब येतो, असेच सांगते. (शिवाय या काळात जठराच्या तोंडाची झडप सैलावते.) त्यावर उपायही जुनाच चालतो. एका वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे चार-पाच वेळा खावे, तिखट-तेलकट कमी करावे, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नये.

दुसरी जागा आठव्या महिन्याची. दुधात शिजवलेली तांदळाची पेज, वर तूप घालून, वेळोवेळी प्यावी असे आत्रेय सांगतात. तेव्हा भद्रकाप्य नावाचे दुसरे वैद्य हरकत घेतात की असे केल्याने मूल पिंगट निपजेल. आत्रेयांचे उत्तर थोडक्यात असे : होऊ दे पिंगट, पण म्हणून पेज थांबवायची नाही, कारण ती घेणारी आई स्वतः निरोगी राहते आणि तिला सुदृढ मूल होते. म्हणजे मुलाच्या रंगाची काळजी आणि आईच्या तब्येतीची काळजी यांचा वाद दोन हजार वर्षांपूर्वी झाला, आणि निकाल आईच्या बाजूने लागला.

हा निकाल आम्हाला आठवतो तो लाल गोळीच्या वेळी. "गोळीने बाळ काळे होते" म्हणून गोळ्यांची पाकिटे फडताळात, नाहीतर पत्र्याच्या फटीत पडून असतात. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीतून नाही. आणि काळे झाले तर बिघडले काय? "गोळी गरम पडते", "बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते" हेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात, ७ च्या खाली गेले तर ते गंभीर. बाळंतपणात रक्त सर्वांचेच जाते. ज्या बाईच्या अंगात मुळात पुरेसे असते ती ते सोसते. जिच्या अंगात सहा-साडेसहाच आहे तिला तेवढाच रक्तस्राव जिवावर बेततो.

दूध, तूप, लोणी कितीही दिले तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण दुधात लोह नसल्यासारखेच असते. ग्रंथाची इथे मर्यादा आहे. गुळाचेही तसेच. दौंडकडे गुऱ्हाळे आहेत, त्यामुळे "गूळ खा, रक्त वाढेल" हा सल्ला घरोघर मिळतो. शेंगदाण्याबरोबर गूळ जरूर खावा, पण रक्तासाठी गुळावर विसंबून राहू नये. चौथा महिना लागल्यापासून रोज एक गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रक्त कमी असेल तर सिस्टर दोन गोळ्या सांगतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, दुधाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाण्याबरोबर घेतली, किंवा वर पेरू-आवळा खाल्ला तर ती अंगी चांगली लागते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचास काळे होते, त्याला भिऊ नका.

आता आपल्या भागाजवळचा एक अभ्यास. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. कमी पावसाची, शेतीवर जगणारी, आपल्यासारखीच ही खेडी. बायका काय खातात, किती काम करतात हे त्यांनी नोंदवले आणि नंतर जन्मलेल्या बाळांची वजने-मापे घेतली. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्या जास्त वेळा दूध घेत होत्या, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ज्या हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. नुसत्या भाकरीच्या संख्येने तो फरक पडलेला दिसला नाही. ज्या बायका पाणी भरणे, शेतात राबणे अशी अंगमेहनत जास्त करत होत्या त्यांची बाळे लहान भरली. आणि जवळजवळ दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते, भाजीत किंवा डाळीत ते नसते.

दुधाबद्दल ग्रंथ आणि हा अभ्यास दोघेही एकच सांगतात. मग आपल्याकडे दूध जाते कुठे? शिरूर-दौंड म्हणजे दुधाचा पट्टा, गावागावात संकलन केंद्र. गाईला वैरण घालणारी, शेण काढणारी, धार काढणारी बाई पहाटे किटली भरून केंद्रावर पाठवते आणि घरात राहते ते चहापुरते. जिची धार तिचाच पेला रिकामा. घरात गाय असेल तर किटली भरण्याआधी पाव लिटर बाजूला काढून ठेवावे, आणि हे सासूबाईंनी किंवा नवऱ्याने करावे. सून स्वतःसाठी काढून ठेवत नाही, हे आम्ही पाहत आलो आहोत. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना रोजचे दूध परवडेलच असे नाही. त्यांनी ताक, दही जेवढे जमेल तेवढे घ्यावे आणि अंड्याकडे वळावे. थंड पेयाच्या एका बाटलीच्या पैशांत आजही तीनेक अंडी येतात. उकडून खायचे, कच्चे नाही. बाजारात सुकट, जवळा मिळतो. उजनीच्या फुगवट्यातली चिलापी दौंडकडे मिळते. २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त कालवण गेले. ज्यांनी तो कायदा केला त्यांनी त्याऐवजी गरोदर बाईला काय वाढायचे हे सांगितलेले नाही. शेळी-बोकडाची वजडी चालते, चांगली शिजवून. काळीज मात्र पहिल्या तीन महिन्यांत टाळा आणि पुढेही क्वचितच खा. त्यात लोह आहे, पण अ जीवनसत्त्व इतके असते की जास्त झाले तर बाळाला अपाय होऊ शकतो.

पालेभाजीला फार पैसे लागत नाहीत. तांदुळजा, चाकवत, घोळ, शेवग्याचा पाला, अंबाडी. उसाच्या बांधावरची भाजी खुडताना मात्र रानात तणनाशक मारले आहे का, ते विचारा. फवारलेल्या रानातली भाजी नको. बाजरी 'गरम' म्हणून सोडू नका, तिच्यात ज्वारीपेक्षा लोह जास्त आहे. पिकलेली पपई बेताने खायला हरकत नाही. कच्ची पपई, जिच्यातून चीक निघतो, ती टाळावी.

गरोदर बाईला 'दोघांचे' खायचे नसते, पण 'बाळ मोठे होईल' म्हणून अर्धपोटीही राहायचे नसते. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक मोठी भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. वरण घट्टच, पातळ आमटीत डाळ शोधावी लागते. मटकी, हरभरा, चवळी मोड आणून खा. नऊ महिन्यांत वजन साधारण १० ते १२ किलो वाढायला हवे. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार रोजच्या सहाशे कॅलरींच्या हिशेबाने दिलेला असतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, काही ठिकाणी गाईला घातला जातो. चव आवडत नसेल तर त्यात कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावा, पण तो पुडा तिचा आहे. ऊसतोडीला आलेल्या, कोपीत राहणाऱ्या बहिणींचाही त्यावर हक्क आहे. पत्ता बीडचा असला तरी जिथे कोपी आहे तिथल्या अंगणवाडीत नाव घालता येते. कोणी परत पाठवले तर आम्हाला किंवा आशाताईंना सांगा.

चरक म्हणतो, गरोदर बाईला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखे जपावे, हिंदकळू देऊ नये. पहाटे चारला उठून उसाच्या मोळ्या डोक्यावर घेणाऱ्या, रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत उभ्याने पाळी भरणाऱ्या बाईला हे वाचून दाखवायचे म्हणजे चेष्टा वाटते. तिला कोण जपणार? बाबासाहेबांनी हा प्रश्न २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला. प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ च्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले पाहिजे. कंत्राटी कामगारालाही ती मिळते. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार, दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार येतात. ते खात्यावर आले की आधी घराचे पत्रे बदलले जातात, हे आम्हाला माहीत आहे. निम्मे तरी तिच्या दूध-अंड्यासाठी ठेवा.

ग्रंथातले सोडून द्यायचे तेही स्पष्ट सांगतो. 'मुलगाच व्हावा' म्हणून करायचे पुंसवन चरकाच्या याच अध्यायात आहे. ते तिथेच राहू द्यावे. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरते. तरीही दुसऱ्या महिन्यात 'पोरगा होण्याचे औषध' देणारे लोक आहेत. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका जास्त आढळला. नवव्या महिन्यातला तेलाचा बस्ती घरी कोणी करू नये. भस्मे, धातूंची औषधे तर गरोदरपणी हातातही घेऊ नयेत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या काही गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले होते. पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलेले असले तरी सिस्टरना दाखवल्याशिवाय काही पोटात घालू नका.

ग्रहणात गरोदर बाईला उपाशी ठेवणे बंद करा. वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या उपासिकांनीही ऐकावे : दुपारनंतर न जेवण्याचा नियम गरोदर बाईने घेऊ नये. पंचशील पुरेसे आहे. रात्रभर रिकामे पोट तिला आणि बाळाला चालत नाही.

डोहाळ्यांबाबत मात्र ग्रंथ मोठ्या मनाचा आहे. जे मागेल ते द्यावे, अपायकारक मागितले आणि इच्छा फारच तीव्र असेल तर हितकर पदार्थात मिसळून थोडे द्यावे, असे चरक सांगतो. चिंच, कैरी, भेळ थोडी खाल्ली तर काही होत नाही. पण माती, राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर ते डोहाळे समजून हसू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. बऱ्याचदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. आणि मिश्री. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा बोट हिरडीवर जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत झालेल्या एका अभ्यासात धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. मिश्रीने भूकही मरते, म्हणून 'तिला जेवण जात नाही' अशी तक्रार आली की आम्ही आधी डबीबद्दल विचारतो. एकदम सुटत नसेल तर रोज एक वेळ कमी करा आणि हात जाईल तेव्हा बडीशेप तोंडात टाका.

नुसते गोडच रोज खाणाऱ्या आईच्या मुलाला प्रमेह होतो, असेही चरकात आहे. त्याचा आधार घेऊन भात-भाकरी बंद करू नका, पण साखरेची तपासणी नक्की करून घ्या. ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, जिथे सोयीचे असेल तिथे जा. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन चारही कार्डावर लिहून घ्या. चेहरा-हात सुजणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही झाले तर ९ तारखेची वाट पाहू नका, १०२ किंवा १०८ ला फोन लावा.

आळीव, डिंकाचे लाडू आणि बाळंतिणीला पाणी कमी पाजण्याची चाल याबद्दल खूप जणींनी विचारले आहे. आळीव गरोदरपणी नको, बाळंतपणानंतर खावा, एवढे आता सांगतो. बाळंतिणीच्या खाण्याचे बाकी सगळे पुढच्या अंकात.